हलकेपणाचा भार वापरणाऱ्याच्या माथी का?

हलक्या लिनक्स प्रणालींच्या चाहत्यांमध्ये एक मत इतके मुरले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटत नाही. ब्लूटूथ ही चैन आहे, असे हे मत सांगते. ज्याला हवे त्याने ते स्वतः बसवून घ्यावे. टर्मिनल उघडावे, चार-पाच कमांड द्याव्यात, इअरफोन जोडला जातो. तेवढेही ज्याला जमत नसेल त्याने एखादी जड प्रणाली वापरावी. हलकी त्याच्यासाठी नाहीच. ही भूमिका मी अनेक जाणकारांच्या तोंडून ऐकली आहे आणि त्यांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे. पण ही भूमिका चुकीची आहे. ज्या तंत्राचा दाखला देऊन ती मांडली जाते, त्या तंत्रात थोडे खोल शिरले की ती टिकत नाही.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. राउटर, सर्व्हर, कंटेनर यांच्यासाठी बनवलेल्या प्रणालीत ब्लूटूथ नसलेलेच बरे. अल्पाइनच्या मूळ संचात ब्लूझेड, म्हणजे लिनक्सचे ब्लूटूथ सॉफ्टवेअर, नाही, डेबियनच्या किमान इन्स्टॉलमध्ये नाही. त्यात गैर काही नाही. माझा आक्षेप आहे तो ‘जुन्या लॅपटॉपला नवे आयुष्य’ असे सांगत डेस्कटॉप म्हणून पुढे केल्या जाणाऱ्या डिस्ट्रोंवर आणि त्यांतल्या उणिवेला तत्त्वाचे रूप देणाऱ्यांवर. अशा यंत्रापुढे शेवटी एक माणूस बसणार असतो.

तो माणूस कोण? 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागते आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पडदा, कळफलक, बॅटरी सगळे ठीक असलेले कितीतरी लॅपटॉप एका तारखेने जुने ठरले. दोन किंवा चार जीबी रॅमच्या अशा लॅपटॉपवर हलके लिनक्स टाकून घेणारा माणूस हौशी प्रोग्रामर असेलच असे नाही. ती कॉलेजात जाणारी मुलगी असते, निवृत्त शिक्षक असतात, गावातले छोटे वाचनालय असते. दरम्यान अनेक फोनांमधला इअरफोनचा 3.5 मिलिमीटरचा जॅक गेला. 2016 मध्ये आयफोन 7 ने तो काढला आणि पुढे इतरांनीही तोच रस्ता धरला. अनेक घरांत आता तारेचा इअरफोन उरलेलाच नाही. दोन खोल्यांत पाच माणसे राहत असतील आणि त्यातल्या एकीला रात्री दहा वाजता व्याख्यान ऐकायचे असेल, तर तिच्यापुढे ब्लूटूथ हाच मार्ग आहे. याला चैन म्हणणाऱ्याने ते घर पाहिलेले नाही.

आता त्या ‘चार-पाच कमांड’ जवळून पाहू. टर्मिनलमध्ये ब्लूटूथसीटीएल हे साधन सुरू करायचे. पॉवर ऑन, एजंट ऑन, डिफॉल्ट-एजंट, स्कॅन ऑन. पडद्यावर आजूबाजूच्या उपकरणांचे बारा अक्षरी पत्ते धावू लागतात. शेजाऱ्याचा टीव्ही, कुणाचे तरी घड्याळ, कित्येक निनावी. त्यातला आपला इअरफोन ओळखायचा, त्याचा पत्ता टिपायचा, मग पेअर, ट्रस्ट, कनेक्ट. मोजल्या तर सात कमांड होतात, आणि त्या चालण्यासाठी जे काही आधीच जागेवर असावे लागते ते यात धरलेलेच नाही. चिपला लागणारी फर्मवेअर फाइल डिस्कवर हवी. नसेल तर कर्नलला चिप दिसूनही ती जागी होत नाही. कर्नलमधल्या आरएफकिल या यंत्रणेने रेडिओ अडवलेला नसावा. हा अडसर कधी सॉफ्टवेअरचा असतो, कधी लॅपटॉपच्या कडेवरच्या बटणाचा, आणि बटणाचा असेल तर कोणतीही कमांड तो उठवू शकत नाही. ब्लूटूथची सेवा चालू हवी. आर्चसारख्या डिस्ट्रोत तर ब्लूझेड बसवले तरी ब्लूटूथसीटीएल येत नाही, ते दुसऱ्या पॅकेजात असते. आणि सेवा आपणहून सुरू होत नाही.

समजा हे सगळे पार पडले. पडद्यावर ‘पेअरिंग सक्सेसफुल’ उमटते. मग कनेक्ट म्हणावे तर उत्तर येते: ‘बीआर-कनेक्शन-प्रोफाइल-अनअव्हेलेबल’. त्या मुलीने यातून काय समजायचे? इअरफोन बिघडला? लॅपटॉपची चिप गेली? खरे कारण या दोन्हींत नाही. ब्लूझेड स्वतः आवाज वाजवत नाही. 2012 च्या डिसेंबरात ब्लूझेड 5 आले तेव्हा अल्सा या कर्नलच्या आवाज-यंत्रणेशी असलेली त्याची थेट जोडणी काढून टाकण्यात आली. तेव्हापासून मध्ये पल्सऑडिओ, पाइपवायर किंवा ब्लूअल्सा यांपैकी कुणीतरी उभे असावे लागते आणि ‘आवाज माझ्याकडे द्या’ असे त्याने ब्लूझेडला कळवावे लागते. डेबियनमध्ये पल्सऑडिओचा ब्लूटूथचा भाग वेगळ्या पॅकेजात आहे, पाइपवायरचाही वेगळ्याच. हलकेपणाचे पुरस्कर्ते पॅकेज बसवताना ‘शिफारस केलेली पॅकेजे घेऊ नका’ हा पर्याय लावायला सांगतात, आणि नेमका हा दुवा त्यात गळतो. सगळी उपकरणे शाबूत, सगळे ड्रायव्हर हजर, आणि आवाज नाही. कुणीतरी यादीतून वगळलेल्या एका छोट्या पॅकेजामुळे एक चांगला इअरफोन दुकानात परत जातो.

या साखळीत सगळ्यांत कमी समजला जाणारा भाग म्हणजे एजंट, आणि माझा सगळा वाद खरे तर त्याच्याभोवती आहे. पेअरिंग हा दोन यंत्रांतला व्यवहार असला तरी त्यात माणसाला विचारायची एक जागा राखून ठेवलेली आहे. 2007 च्या ब्लूटूथ 2.1 मध्ये सुरक्षित सुलभ पेअरिंगची पद्धत आली. फोन आणि लॅपटॉप जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या दिसते, ती सारखी आहे का हे माणसाने पाहायचे आणि होकार द्यायचा. कीबोर्ड जोडताना लॅपटॉपने दाखवलेली संख्या त्या कीबोर्डवर टाइप करायची. लिनक्समध्ये ही विचारपूस ब्लूटूथची सेवा स्वतः करत नाही. डी-बस या प्रोग्रामांमधल्या संदेशवाहिनीवरून ती एजंट नावाच्या वेगळ्या प्रोग्रामला सांगते, ‘याला विचार’. मोठ्या डेस्कटॉपमध्ये हा एजंट खिडक्या आणि चिन्हांच्या मागे गुपचूप हजर असतो. हलकी डिस्ट्रो बनवताना ती खिडकी काढली जाते आणि तिच्यासोबत विचारणाराही जातो. घराला दार बसवले, पण दार वाजल्यावर ‘कोण?’ म्हणून विचारणारे कुणी ठेवले नाही, अशी ही रचना आहे. दुसऱ्या दिवशी इअरफोन आपणहून जोडला जात नाही ही नेहमीची तक्रार अनेकदा इथूनच येते. ट्रस्ट ही कमांड राहून गेलेली असते, येणाऱ्या जोडणीला परवानगी द्यावी का हे सेवेला विचारायचे असते, आणि विचारायला कुणी नसते. मग जोडणी नाकारली जाते.

तेव्हा ‘ब्लूटूथ तर आहेच, फक्त खिडकी नाही’ हे म्हणणे चुकीचे आहे. खिडकीच्या नावाखाली त्या व्यवहारातला माणसाचा भागच काढलेला आहे.

हे कशासाठी? मेमरी वाचते म्हणून. ब्लूटूथची मूळ सेवा मोजके एमबी घेते. ब्लूमॅन हे पायथनमध्ये लिहिलेले, पेअरिंगचे खिडकीवाले साधन त्याहून बरेच जास्त घेते, हे खरे आहे आणि 512 एमबीच्या यंत्रावर तो विचार करायला हवा. पण ब्लूमॅन सतत चालू ठेवायलाच हवे असे थोडेच आहे? पेअरिंगच्या वेळी उघडावे, काम झाले की बंद करावे. त्याहून लहान हवे तर ब्लूझेड-टूल्स संचातला बीटी-एजंट हा सी भाषेतला छोटासा प्रोग्राम आहे. फर्मवेअरचा पूर्ण संच शेकडो एमबींचा असला तरी तो एरवी डिस्कवर पडून असतो. चिपवर चढते ती तिच्या कामाची फाइल. आणि हीच माणसे त्याच यंत्रावर फायरफॉक्स उघडतात, ज्याचा एखादा टॅब या सगळ्या साधनांची मिळून होणारी मेमरी एका झटक्यात खातो. दात कोरून पोट भरत नाही.

सुरक्षिततेचा युक्तिवाद मात्र वजनदार आहे. 2017 मध्ये ब्लूबोर्न हा ब्लूटूथमधल्या त्रुटींचा संच उघड झाला, त्यात लिनक्स कर्नलमधली एक गंभीर चूक होती. हल्लेखोराला पेअरिंगचीही गरज नव्हती. 2020 मध्ये ब्लीडिंगटूथ आला, तोही लिनक्सच्या ब्लूटूथमधला. म्हणून म्हणतात, जे बसवलेच नाही त्यावर हल्ला होत नाही. हे बरोबर आहे. पण ते बसवले जाणार आहे, कारण इअरफोन ही गरज आहे. ती मुलगी आज ना उद्या कुठून तरी कमांडची यादी मिळवील आणि चिकटवील. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की तिच्या यंत्रावर ब्लूटूथ कोणत्या अवस्थेत असेल.

त्या याद्यांमध्ये काय असते ते पाहा. प्रश्न विचारले जाऊ नयेत म्हणून एजंटला ‘नोइनपुटनोआउटपुट’ अशी क्षमता दिलेली असते. म्हणजे हे यंत्र समोरच्याला सांगते, ‘मला पडदा नाही, कळफलक नाही’. मग संख्या जुळवण्याची पायरीच गळते आणि ‘जस्ट वर्क्स’ पद्धतीने पेअरिंग होते, ज्यात मध्ये कुणी तिसरा घुसला तर ते ओळखण्याची सोय नाही. इअरफोनला मुळातच पडदा नसतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. पण तीच मांडणी तशीच राहते, आणि पुढे फोन किंवा कीबोर्ड जोडताना जे संरक्षण मिळायला हवे ते मिळत नाही. यंत्र इतरांना दिसण्याचा अवधी मुळात 180 सेकंदांचा असतो. यादी तो शून्य करायला सांगते, म्हणजे यंत्र कायम दिसत राहते. आणि रेडिओ बंद करायचे चिन्ह पडद्यावर नसल्याने तो एकदा चालू झाला की चालूच राहतो.

डिसेंबर 2023 मध्ये मार्क न्यूलिन या सुरक्षा संशोधकाने एक त्रुटी जाहीर केली. जवळपास असलेला हल्लेखोर ब्लूटूथ कीबोर्ड असल्याचे भासवून, वापरणाऱ्याने काहीही मान्य न करता, यंत्राशी जोडला जाऊ शकत होता आणि त्यावर हवे ते टाइप करू शकत होता. अँड्रॉइड आणि अॅपलच्या प्रणालीही यात सापडल्या होत्या. लिनक्सवर हे घडण्यासाठी यंत्र इतरांना दिसण्याच्या आणि जोडले जाण्याच्या अवस्थेत असावे लागे; म्हणजे ती यादी यंत्राला जिथे कायमचे नेऊन ठेवते तीच अवस्था. यातली खरी शिकवण पुढे आहे. पेअर न झालेले उपकरण नाकारून ही त्रुटी बंद करणारी ‘क्लासिकबॉन्डेडओन्ली’ ही मांडणी ब्लूझेडमध्ये 2020 पासूनच होती. ती मुळात बंद ठेवलेली होती, एवढेच. ज्याला हवी त्याने चालू करावी, हाच तो विचार. क्रोमओएसने ती चालू केली होती. बाकी लिनक्सजगत तीन वर्षे उघडे राहिले. नंतर ब्लूझेडने ती मुळातच चालू केली, तेव्हा प्लेस्टेशन 3 चे जुने कंट्रोलर जोडले जाईनात, आणि ‘ती पुन्हा बंद करा’ हा सल्ला हातोहात फिरू लागला. कंट्रोलर चालावा म्हणून कीबोर्डच्या हल्ल्याला वाट मोकळी होते, हे त्या सल्ल्यासोबत सांगणारे थोडेच.

यावरून मी एवढेच म्हणतो: बहुतेक माणसांची सुरक्षितता ही डिस्ट्रो बनवणाऱ्याने मुळात काय ठेवले त्यावर ठरते. ‘हवे त्याने करावे’ असे म्हणून डिस्ट्रो जबाबदारीतून सुटते, पण ते यंत्र अधिक सुरक्षित होत नाही. संख्या दाखवून होकार मागणारी खिडकी आणि रेडिओ बंद करणारे एक चिन्ह, या दोन गोष्टी आळशी माणसाची सोय म्हणून हिणवल्या जातात. प्रत्यक्षात ती संरक्षणाची साधने आहेत. ज्याला ब्लूबोर्नची खरोखर काळजी आहे त्याने रेडिओ मुळात बंद ठेवावा, मला त्यात आनंदच आहे. पण तो चालू केल्या क्षणी विचारणारा कुणीतरी हजर असला पाहिजे.

राहिला शिकण्याचा मुद्दा. कमांड टाइप केल्याने माणूस शिकतो, असे म्हणतात. माणूस शिकतो ते कारण आणि परिणाम यांची सांगड दिसली तर. इथे सेवा, एजंट, आवाजाचा दुवा आणि फर्मवेअर या चारही ठिकाणी काही अडले तरी वापरणाऱ्याला दिसते ते जवळपास सारखेच: जोडले गेले नाही. एखाद्या घरात लॅपटॉपवर विंडोजही ठेवलेले असते. तिकडे इअरफोन जोडला की इकडचा तुटतो आणि इकडे जोडला की तिकडचा, कारण ब्लूटूथ चिपचा पत्ता दोन्हीकडे एकच असतो पण पेअरिंगची गुप्त किल्ली प्रत्येक वेळी नवी बनते, आणि इअरफोन त्या पत्त्यासाठी शेवटचीच लक्षात ठेवतो. पेनड्राइव्हवरून रॅममध्ये चालणाऱ्या प्रणालीत तर ती किल्ली ज्या फोल्डरात लिहिली जाते तो फोल्डरच यंत्र बंद केल्यावर नाहीसा होतो, जर सत्र जतन केले नाही तर. हे कुणी सांगितल्याशिवाय कुणाला कसे उमगावे? अनुभवी माणसालाही ते शोधावे लागते. कमांड चिकटवून जे शिकले जाते ते ब्लूटूथ नसते, चिकटवणे असते. आणि वर दाखवले तसे ते घातक ठरते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट आहे, जी हलकेपणाच्या चर्चेत कधी येतच नाही. ब्लूटूथसीटीएल फक्त इंग्रजीत बोलते; त्याच्या संदेशांचे भाषांतर करण्याची सोयच त्यात नाही. ब्लूमॅनसारख्या खिडकीवाल्या साधनातले शब्द भाषांतराच्या फाइलीतून येतात, म्हणजे कुणी मनावर घेतले तर ‘ही संख्या दोन्हीकडे सारखी आहे का?’ हा प्रश्न मराठीत विचारता येतो. खिडकी काढली की ही शक्यताही जाते. ज्या निवृत्त शिक्षकांना मी वर मोजले, त्यांच्यापैकी अनेकांना तंत्र कळणार नाही असे नाही. त्यांना कळेल अशा भाषेत ते सांगितलेच जात नाही.

छोट्या यंत्रावर हे जमतच नाही, असेही कुणी म्हणू शकत नाही. एप्रिल 2022 मध्ये रास्पबेरी पाय ओएसच्या डेस्कटॉप आवृत्तीत पहिल्यांदा यंत्र सुरू होताना दिसणारी मांडणीची खिडकी बदलली. ब्लूटूथ माउस आणि कीबोर्ड पेअरिंगच्या अवस्थेत ठेवले की ती खिडकी ते शोधते आणि जोडते. यामागची अडचण साधी होती: घरात ब्लूटूथ कीबोर्ड एवढाच असेल, तर तो जोडण्याची कमांड टाइप करायची कशावर? ‘टर्मिनल उघडा’ म्हणणाऱ्यांकडे या प्रश्नाला उत्तर नाही. रास्पबेरी पायवाल्यांनी उत्तर शोधले, तेही छोट्या आणि स्वस्त बोर्डांसाठी बनलेल्या प्रणालीत.

डेबियनचे उदाहरण तर याहून मोठे आहे. मुक्त नसलेले फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉल माध्यमात न घेणे, हे डेबियनने वर्षानुवर्षे तत्त्व म्हणून पाळले. 2022 मध्ये त्यांच्या सदस्यांनी मतदान करून ते बदलले आणि जून 2023 च्या डेबियन 12 मध्ये ते फर्मवेअर सोबत आले. त्या चर्चेत एक मुद्दा असा होता, की काही नव्या लॅपटॉपांत आवाजसुद्धा फर्मवेअरशिवाय निघत नाही आणि मग पडदा न दिसणारा माणूस बोलत्या इन्स्टॉलरच्या आधाराने डेबियन बसवूच शकत नाही. तत्त्व पाळणाऱ्यांनी त्याची किंमत कोण चुकवतो हे पाहिले आणि निर्णय फिरवला. हलक्या डिस्ट्रोंनी जे वगळले आहे त्यामागे तर इतके मोठे तत्त्वही नाही.

‘ही माणसे फुकट काम करतात, त्यांच्याकडे मागणी कसली करता?’ असे शेवटी विचारले जाते. स्वयंसेवकांच्या कामाची मला जाण आहे, म्हणूनच मी नवा प्रोग्राम लिहायला सांगत नाही. ब्लूझेड लिहून तयार आहे. एजंट तयार आहेत. पाइपवायरचा ब्लूटूथचा भाग तयार आहे. काम आहे ते पॅकेजांच्या यादीत चार नावे घालण्याचे, सेवा सुरू ठेवण्याचे आणि पॅनेलवर एक चिन्ह ठेवण्याचे. खुद्द ब्लूझेडने 2022 मध्ये अॅडॉप्टर मुळातच चालू ठेवण्याचा बदल केला. मूळ प्रकल्प वापरणाऱ्याच्या दिशेने पावले टाकतो आहे आणि त्यावर उभ्या असलेल्या डिस्ट्रो मागे राहिल्या आहेत. ज्यांना खरोखर नको आहे त्यांना ते काढणे एका कमांडचे काम आहे, आणि त्यांना कमांड येतात.

तरीही एखाद्या डिस्ट्रोला हे सोबत द्यायचे नसेल, तर तो तिचा अधिकार आहे. पण मग डाउनलोडच्या पानावर जिथे ‘512 एमबी रॅम पुरे’ असे ठळक अक्षरांत लिहिले जाते, त्याच्याच खाली तितक्याच ठळक अक्षरांत लिहावे, की या प्रणालीत ब्लूटूथ इअरफोन आणि कीबोर्ड टर्मिनल न उघडता जोडले जात नाहीत. वाचणारी मुलगी मग आपले काय ते ठरवील, लॅपटॉप पुसण्याच्या आधी.